डाळिंबाच्या सालीचा गुण

माझ्या थोरल्या बहिणीच्या जावयांनी मधुमेहावर औषध शोधलं आणि त्या अहवालाची भाषा सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, पण तोंडाने कुणाची चूक कधी सांगितली नाही. औषध म्हणजे डाळिंबाच्या सालींचा अर्क. साली ते शिकवत होते त्या महाविद्यालयाच्या कॅन्टीनमधून फुकट येत, आणि विद्याही आपल्याकडे तशीच चालत आली, असा जावईबापूंचा समज होता.

अहवालात त्यांचे स्वतःचे सहा फोटो होते, उंदरांचा एक. मधुमेही उंदरांना पिण्याच्या पाण्यातून अर्क दिला आणि पंधरा दिवसांत त्यांची साखर निम्म्यावर आली, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. शेवटच्या पानावर बारीक टाइपात खाण्याचा तक्ता होता. साधं पाणी पिणारे उंदीर रोज वीस ग्रॅम खात होते. अर्कवाले सहा. मी तक्ता तीनदा वाचला. आपल्याला विज्ञानातलं काय कळतं, असं म्हणून चौथ्यांदा वाचला.

बुधवारी प्रयोगशाळेत गेलो. पिंजरे साफ करणारे गृहस्थ बाटल्या बदलत होते. मी चाचरत विचारलं, तर त्यांनी एक बाटली माझ्या नाकाशी धरली. पाणी इतकं कडू की उंदीर तोंड लावत नाहीत, आणि पाण्यावाचून कोरडं खाणं त्यांच्या घशाखाली उतरत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी ते साहेबांच्या, म्हणजे जावईबापूंच्या, कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले, उंदरांचे लाड नकोत.

उपाशी ठेवलं तर कुणाचीही साखर उतरेल, एवढंच मला जावईबापूंना सांगायचं होतं. त्यांच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर मी, हा तक्ता जरा पुन्हा बघाल का, असं विचारलं.

"मामा, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा," ते हसून म्हणाले. "साखरेचं आम्ही बघतो."

मी मान डोलावली. मूग गिळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

रविवारी ताईकडे जेवायला गेलो तेव्हा कळलं की आठ दिवस ती रोज दोन पेले अर्क पितेय. तिच्या जुन्या मधुमेहासाठी इन्सुलिनचं इंजेक्शनही चालू होतं. ते सोमवारपासून कायमचं बंद करायचं, असं जावईबापूंनी ठरवलं होतं. भाची म्हणाली, आईच्या तोंडाची चवच गेलीय, दोन घास खाते आणि उठते. त्यावर जावईबापूंनी भूक मंदावणं हा अर्काचा दुसरा गुण असल्याचं जाहीर केलं. त्यावर ते वेगळं प्रकरण लिहिणार होते.

पहिला घास घेण्याआधी त्यांनी सगळ्यांदेखत ताईच्या बोटाला सुई टोचली आणि पहिला नंबर आल्यासारखा आकडा वाचून दाखवला. एकावन्न.

"पंचवीस वर्षांत कधी इतकी उतरली होती का, आई?"

ताईचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि हातातला चमचा ताटाच्या काठावर टकटक वाजत होता. सकाळचं इंजेक्शन पूर्ण, पोटात काही नाही. मी उठलो, पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि तिच्या ओठांशी नेली. जावईबापूंनी माझं मनगट पकडलं.

"मामा, थांबा. जेवणानंतरचा आकडा घ्यायचाय. सगळी नोंद बिघडेल."

"बिघडू दे," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "तुमचे उंदीर उपाशी होते. हीसुद्धा उपाशी आहे. हात सोडा."

त्यांनी सोडला. मला वाचा फुटली याचाच त्यांना धक्का बसला असावा.

ताईने पेला संपवला. दहा-पंधरा मिनिटांनी तिचा हात थांबला, चेहऱ्यावर रंग आला. जावईबापू नव्या सुया शोधायला आतल्या खोलीत गेले होते. ताईने भाचीला उद्या आपल्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगितलं आणि इंजेक्शनला कुणी हात लावायचा नाही, असंही बजावलं. मग माझ्याकडे वळली.

"तुला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

तिने रिकामा पेला माझ्यासमोर ठेवला.

"जावई मूर्ख आहे हे मला लग्नातच कळलं होतं," ती म्हणाली. "पण तू?"

भाचीने माझ्या ताटात वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.