नाव घेऊन आभार

लोरेटा टिडवेलच्या चर्चमध्ये आभार मोघम मानून चालत नसे. देवाने कुणाच्या हातून आपलं भलं केलं, त्या माणसाचं नाव उभं राहून, खणखणीत आवाजात घ्यायचं. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या त्या गावात बिननावाचे आभार म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा.

म्हणून राजधानीतल्या सुनावणीत, मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवरच्या नव्या विधेयकाविरुद्ध बोलायला माईकसमोर उभी राहिल्यावरही तिने तेच केलं. मुलगी म्हणून जन्मलेला, पण मुलगा म्हणून जगणारा तिचा एमेट हार्मोनचं औषध सुरू झाल्यापासून पोटभर जेवतो, हसतो, हे सांगून ती म्हणाली, "आणि हे केलं आमच्या डॉक्टर मार्लीन स्ट्राउडबाईंनी. देव त्यांचं भलं करो."

आमदारांनी माना डोलावल्या आणि विधेयक मंजूर केलं. मान डोलवायला यांच्या बापाचं काय जातं!

कायद्याने औषधावर बंदी घातली नाही. अल्पवयीन मुलाला ते दिलं, तर पुढची तीस वर्षं डॉक्टरवर दावा ठोकता येईल, एवढंच म्हटलं. डॉक्टरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून मंडळी मोकळी झाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी इंजेक्शन काढलंच नाही. एमेटला बाहेर बसवून त्या म्हणाल्या, "विमा कंपनीचा फोन आला होता. हे उपचार थांबवा, नाहीतर विमा रद्द. मग दवाखान्यालाच टाळं."

"आम्ही कशाला दावा लावू, बाई? लिहून देते ना!"

"लिहून दिलेलं चालणार नाही, हेही कायद्यातच घातलंय."

"पण इतक्या डॉक्टरांत तुमचंच नाव कसं कळलं त्या मेल्यांना?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "सुनावणीचं चित्रीकरण पाहिलं त्यांनी. लावून घेऊ नकोस, लोरेटा. तू चांगल्या मनाने बोललीस."

लोरेटाला स्वतःच्या चांगल्या मनाची शिसारी आली. लेकराच्या तोंडचा घास तिने आपल्याच हाताने काढला होता.

"बाकीची मुलं?"

"सगळ्यांचंच थांबलं. या भागात मी एकटीच होते."

गाडीत तिने एमेटला सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. तो रडला नाही, ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता कोण देईल?"

"शोधू रे, बाळा."

"कुठे?"

तिने गाडी सुरू केली. गाव जवळ आल्यावर तोच हळू आवाजात म्हणाला, "आई, पुन्हा कुणी चांगलं भेटलं ना, तर त्याचं नाव कुणाला सांगू नकोस. देवालासुद्धा नको."