सभासद क्रमांक चारशे बारा

जुईच्या पोस्टकार्डाला अप्पांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. शाळेत पत्रलेखन शिकवलं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी मामाला, आजीला पत्रं धाडली; जुईने गिरगावातल्या वाचनालयाच्या पत्त्यावर, ग्रंथपाल अप्पांना लिहिलं. ‘अप्पा, शनिवारचा गोष्टीचा तास बंद का केलात? टॅबमधली बाई छान वाचते, पण मध्येच काही विचारलं तर ती थांबत नाही. तुम्ही थांबायचात.’

खरं उत्तर लिहायची अप्पांना लाज वाटत होती. पोरांसमोर वाचताना त्यांना घाम फुटायचा. एखाद्याने जांभई दिली की वाटायचं, झालं, आपण कंटाळवाणे आहोत. देणगीत सहा टॅब आले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं आणि गोष्टीचा तास त्यांनी गुपचूप गुंडाळून टाकला. दहा वर्षांच्या मुलीला हे कसं कळवायचं? चार कार्डं लिहिली, चारही फाडली.

मंगळवारी जुईची आई, नम्रता, तणतणत वाचनालयात शिरली.

“अप्पा, ही रोज पाच ते सात इथे करते काय? डोळे बघा तिचे, लालबुंद! घरी मी मोबाईल कुलपात ठेवते. म्हटलं, वाचनालयात जातेय, बरंय.”

“टॅब एका सभासदाला अर्धाच तास मिळतो,” अप्पा पुटपुटले. “वहीत नंबर लिहावा लागतो. हे बघा ना.”

नम्रताचं बोट वहीवरून फिरत एका ओळीवर थांबलं. “चारशे बारा, बकुळा राऊत. अक्षर जुईचं आहे. आणि या कोण, माहितीये?”

“आजीव सभासद आहेत.”

“माझ्या सासूबाई! दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्या येतात होय रोज टॅब बघायला?”

अप्पांनी पानं उलटली. आजीव सभासदाचं नाव, माणूस गेला तरी खोडायचं नाही, ही वाचनालयाची जुनी रीत. पोरांनी ती बरोबर हेरली होती. गल्लीतले गेलेले आजी-आजोबा रोज संध्याकाळी रांगेने कार्टून बघून जात होते आणि प्रत्येक पानाखाली अप्पांची सही होती.

“एवढी पुस्तकं वाचता,” नम्रता म्हणाली, “ही एक वही नाही वाचता आली? जाऊ दे. जुई आता येणार नाही.”

ती गेली. सगळं ऐकत बसलेला चिटणीस शंतनु म्हणाला, “टेन्शन नका घेऊ अप्पा. पासवर्ड टाकू.”

“शनिवारी टॅब कपाटात ठेवू या.”

“आणि देणगीदाराला फोटो कसले पाठवू? तुम्ही पुस्तक वाचताय, त्याचे?” शंतनु हसला.

एरवी अप्पाही कसंनुसं हसले असते. आज त्यांना शंतनुचा राग आला, त्या सहा काळ्या पाट्यांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

“हो, त्याचेच पाठव,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “बाकीच्या दिवशी टॅब माझ्या टेबलापाशी. अर्धा तास. आणि काय बघितलं ते मी विचारणार.”

“जमेल तुम्हाला?”

“माहीत नाही.”

शंतनु खांदे उडवून निघून गेला. अप्पांनी खणातून कोरं कार्ड काढलं.

‘चि. जुई, गोष्टीचा तास मी बंद केला, कारण मला भीती वाटायची की तुम्ही कंटाळता. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. टॅब मिळाले आणि मी तुम्हाला त्यांच्या हवाली करून मोकळा झालो. तू आजीचा नंबर लिहिलास ते चूकच. पण मी न बघता सही केली, ती चूक मोठी. या शनिवारी पाच वाजता मी वाचणार आहे. आईने सोडलं तर ये. मध्येच विचार, मी थांबेन. हे कार्ड आईलाही दाखव. – अप्पा.’

पुन्हा वाचलं असतं तर तेही फाडलं गेलं असतं. म्हणून न वाचताच ते चपला अडकवून नाक्यावर गेले आणि कार्ड पेटीत टाकलं.