संचिताची चुकलेली गणितं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. हसू नका, अजून चालतो. सुरू व्हायला वेळ घेतो, पण तुम्ही तरी सकाळी एका हाकेत कुठं उठता?

उमेदीची वर्षं मी बाळकुमच्या एका ऑफिसात काढली. तिथं माझ्यावाचून पान हलत नसे. मग नवे लॅपटॉप आले आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथून ऑफिसातलाच सुशांत मला टिटवाळ्याला, आपल्या घरी घेऊन आला. बिल्डिंग नवी, मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट अजून रिकामेच. सुशांत आणि त्याची बायको प्रीती सकाळी कामाला जात ते दिवेलागणीला परतत. त्यांची चौथीतली संचिता शाळेतून आली, की घरात ती आणि मी, दोघंच.

तिच्यासाठी सुशांतने गणिताचं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. किती शोधलं म्हणता! एक सगळं इंग्रजीत, एकात नुसत्या जाहिराती, एक माझ्या म्हाताऱ्या अंगाला झेपेना. शेवटी एक मराठीतलं सापडलं. उत्तर बरोबर आलं की त्यात टिंग वाजे आणि पुढचं गणित येई. चुकलं, तर एक बाई शांत आवाजात म्हणे, "असू दे बाळा. आपण मिळून परत करू."

संचिता हुशार पोरगी. सुरुवातीला सगळी उत्तरं बरोबर. मग एकदा खरंच चुकली आणि तिने तो आवाज ऐकला. त्यानंतर ती बोटांवर बरोबर उत्तर काढायची आणि मुद्दाम दुसरंच टाकायची. बाई बोलू लागली की गालावर हात ठेवून ऐकायची. कधी हळूच "हो" म्हणायची. मला सगळं कळत होतं हो, पण सांगणार कसं?

एका संध्याकाळी सुशांतने तिचे गुण पाहिले. निम्म्याहून जास्त गणितं चुकलेली. हे काही कामाचं नाही, म्हणत त्याने ते काढून दुसरं घातलं. त्यात चांदण्या होत्या, फुगे होते, बोलणारं कुणी नव्हतं. संचिता माझ्याकडे फिरकेनाशी झाली. दुपारभर खिडकीशी बसून राही. मला फार एकटं वाटे, आणि तिच्याकडे बघून जीव तुटे.

रविवारी सुशांत स्वतः तिला घेऊन माझ्यासमोर बसला. तिने गणित चुकवलं. त्याने समजावलं. तिने पुन्हा चुकवलं. तो वैतागला, तरी खुर्ची जवळ ओढून परत समजावू लागला. तेवढ्यात प्रीतीने स्वयंपाकघरातून सांगितलं, की शाळेत कालच पेपर मिळाले आणि संचिताला गणितात पैकीच्या पैकी आहेत.

सुशांत लेकीकडे बघत राहिला. ती मान खाली घालून म्हणाली, "पप्पा, परत सांगा ना."

त्याने परत सांगितलं. अगदी पहिल्यापासून, सावकाश.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा, एवढं तर मागतोच. पण घरातलं कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर "कालच सांगितलं ना" म्हणून उठू नका. त्याला ती कदाचित ठाऊक असेल. तुम्ही जरा जवळ बसा.