वेटिंग रूममधली सोयरीक

“बस तिथं गप्प. आज पाहुणी आहेस तू,” असं म्हणत जोडीला काम करणाऱ्या रशीदानं कनकलताच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

कनकलता पाखिरा बाकावर टेकली, पण अगदी कडेला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. हावडा स्टेशनच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या या वेटिंग रूममध्ये ती नवरा गेल्यावर कामाला लागली. तो गँगमन होता, रुळावरच गेला. त्याच्या जागी रेल्वेनं हिला घेतलं. तेव्हापासून ही खोली झाडायची, पुसायची, न्हाणीघरं धुवायची, तिकीट बघून माणसं आत सोडायची. मुलगी तेव्हा कडेवर होती. आता तीच झिनुक बी.ए. होऊन शिकवण्या घेत होती, आणि तिला बघायला आज माणसं यायची होती. इथंच.

हे ठरलं होतं पाहुण्यांच्या सोयीनं. आसनसोलचे हाजरा, मायलेक दोघंच. सकाळच्या गाडीनं हावड्याला उतरून संध्याकाळच्या गाडीनं जगन्नाथाच्या दर्शनाला पुरीला जाणार होते. मधला वेळ मोकळाच होता. “घरी कशाला दगदग, स्टेशनवरच मुलगी दाखवू,” असं कनकलताच्या दिरानं, निताईनं, परस्पर कळवून टाकलं. मुलीची आई काय करते, असं त्यांनी विचारलं, तेव्हा “रेल्वेच्या ऑफिसात आहे” असंही तोच सांगून बसला होता. कनकलताला ते कालच कळलं. म्हणून तर आज रशीदाला गळ घालून तिनं पाळी बदलून घेतली होती आणि कपाटातली ठेवणीतली तांताची, हातमागाची सुती साडी नेसून आली होती.

“काकांनी थाप मारली आणि तू ऐकून घेतलीस,” झिनुक हळूच म्हणाली.

“थाप कसली? रेल्वेतच आहे ना मी?”

“आणि ऑफिस?”

“ते निताईच्या तोंडचं. माझ्या तोंडून काही गेलेलं नाही.”

“मग तुझ्या तोंडून आज काय जाणार आहे, मा?”

“काही जाणार नाही. तूच बोल. एवढं शिकवलंय कशाला तुला?”

झिनुकला हसू आलं. तेवढ्यात निताई खालच्या मोठ्या घड्याळापाशी पाहुण्यांना गाठून वर घेऊन आला. हाजराबाई अंगानं भारी, गुडघ्यांनी बेजार. शाल सावरत, दोन-दोनदा थांबत आल्या. मागून मुलगा शुभंकर, दोन्ही हातांत बॅगा. कोळसा खाणीच्या कचेरीत होता. त्यानं आधी आईला बसवलं, तिच्या पायाशी बॅग सरकवून तिला पाय त्यावर ठेवायला लावले, आणि मग स्वतःला बसायला जागा नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो उभाच राहिला. झिनुकनं स्वतःची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकाकडे बोट केलं.

बोलणं चांगलं चाललं. हाजराबाईंनी मुलीला गाणं येतं का विचारलं, झिनुक म्हणाली, “येत नाही, पण म्हणते. शेजारच्यांना चालतं.” हाजराबाई हसल्या. कनकलतानं पाहुण्यांसाठी संदेश आणले होते, नव्या गुळाची छेन्याची मिठाई. शुभंकरनं दुसरा घेतला तेव्हा त्याची आई म्हणाली, “घरी मासा सोडून कशाला हात लावत नाही हा.” झिनुकनं विचारलं, पुरीला समुद्रात उतरता का. तो म्हणाला, “गुडघ्यापर्यंत. आईसाठी किनाऱ्यावर कुणीतरी लागतं ना.” हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की कनकलतानं मनात लग्न लावूनसुद्धा टाकलं.

मध्येच न्हाणीघराच्या दारातून एक बाई ओरडली, “दीदी, नळाला पाणी नाही.” ती नेहमीची प्रवासी होती, थेट कनकलताकडेच बघत होती. कनकलतानं नजर खिडकीबाहेर नेली. “बघते मी,” म्हणत रशीदा पुढं झाली आणि नळवाल्याला गाठायला खाली गेली.

ती गेली आणि पलीकडच्या बाकावर गलका झाला. तिथं एक म्हातारी होती, उपचारासाठी वेल्लोरला निघालेली. सोबत फक्त सून. मद्रासच्या गाडीला अजून अवकाश होता. म्हातारीला बसल्या जागी उलटी झाली, आणि पाठोपाठ सगळंच झालं. साडी, बाक, फरशी. आसपासची माणसं सामान उचलून लांब सरकली. कुणी नाकाला पदर लावला. “अहो, बोलवा कुणाला तरी. इथं बाई असते ना कामाला?” एक गृहस्थ म्हणाले. सून म्हातारीचं डोकं धरून रडत होती. तिला काय आधी करावं ते सुचत नव्हतं.

कनकलतानं दाराकडे पाहिलं. रशीदा दिसत नव्हती. निताईनं तिच्याकडे बघून मान किंचित हलवली, नको म्हणून.

म्हातारी मान खाली घालून, अंगाखालची ओली साडी दोन्ही मुठींत गोळा करून लपवायला बघत होती. ते कनकलताच्यानं बघवेना. ती उठली. तांताच्या साडीचा पदर तिनं कमरेला खोचला, कोपऱ्यातल्या कपाटाला किल्ली लावून बादली, पुसणं, फिनेल बाहेर काढलं. “सगळे जरा तिकडं व्हा,” एवढंच बोलली. ते तिच्या रोजच्या कामावरच्या आवाजात निघालं, त्यामुळे सगळे सरकले.

झिनुकनं न सांगता म्हातारीची दुसरी बाजू धरली. नळाला पाणी नव्हतंच. शुभंकर पाण्याचा जग घेऊन खाली धावला आणि भरून आणला, पुन्हा गेला, पुन्हा आणला. न्हाणीघरात नेऊन दोघी मायलेकींनी म्हातारीला धुतलं, पुसलं. तिच्या सामानातली धुतलेली साडी शोधेपर्यंत तिला ओलं ठेवायचं नव्हतं. कनकलतानं कपाटातली स्वतःची कामावरची निळी साडी तिला नेसवली.

“कोण गं तू बाळ?” म्हातारीनं विचारलं.

“मी इथलीच आहे, मावशी.”

बाहेर येऊन तिनं फरशी पुसली. रशीदा आली, हातातलं पुसणं मागू लागली. “राहू दे, झालंच,” कनकलता म्हणाली. हात धुऊन ती पाहुण्यांपाशी परतली, तेव्हा साडीचा काठ भिजून पायांना चिकटला होता. ती बाकावर बसली नाही.

“तुम्ही इथं कामाला आहात,” हाजराबाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

“हो. याच खोलीत.”

निताई काही सावरायला गेला. हाजराबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. थोडा वेळ त्या आपले गुडघे चोळत राहिल्या.

“हे बघा, मी नावं ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझी सासू अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हे सगळं मीच केलंय. मुलगी मला आवडली. पण घरात करणं वेगळं. आमच्याकडे दीर आहेत, जावा आहेत, त्यांची तोंडं आहेत. निताईबाबूंनी जे सांगितलंय तेच राहू दे. ऑफिसात आहेत म्हणू. हावड्याला कोण बघायला येतंय?”

“चालेल,” कनकलता लगेच म्हणाली. “माझं काय, तुम्ही म्हणाल तसं.” तिला खरंच हलकं वाटलं होतं. एवढ्यावर निभावत असेल तर तिची काहीच हरकत नव्हती.

“हावड्याला सगळेच येतात, मावशी,” झिनुक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “पुरीला जायचं तर इथूनच, वेल्लोरला जायचं तर इथूनच. तुमच्या जावा येतील, याच बाकावर बसतील. मा पुसायला येईल. तेव्हा मी तिला काय म्हणून हाक मारायची?”

“झिनुक, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” निताई म्हणाला.

“माझ्याच लग्नाचं बोलणं आहे ना काका?”

शुभंकरनं मान वर केली. त्यानं आईकडे पाहिलं, तोंड उघडलं. हाजराबाई म्हणाल्या, “शुभो, तो जग ठेव आता खाली.” त्याच्या हातात जग अजून तसाच होता. त्यानं तो खाली ठेवला आणि बॅगा उचलल्या.

पुढचं सगळं रीतीनं झालं. हाजराबाईंनी झिनुकच्या डोक्यावर हात ठेवला. “कळवतो,” म्हणाल्या. निताई त्यांना खाली चहाला घेऊन गेला, जाताना वहिनीकडे बघितलंसुद्धा नाही. शुभंकरनं दाराशी थांबून नमस्कार केला, मायलेकींना मिळून एकच.

कनकलता दिवसभर मुलीशी बोलली नाही. रशीदा समजूत घालायला आली तर म्हणाली, “एका शब्दानं काय बिघडलं असतं? मी नसते का निभावलं? मी असले काय शब्द कमी ऐकलेत?” मद्रासच्या गाडीची वेळ झाली तेव्हा म्हातारीला खाली ढकलगाडीकडे नेताना सून पाया पडायला वाकली. कनकलतानं तिला अर्ध्यात धरलं. “गाडी सुटेल, जा,” म्हणाली.

संध्याकाळी दोघी लाँचच्या धक्क्यावर आल्या. अहिरीटोल्याला त्यांची खोली होती. नदी ओलांडली की घर. लाँचमध्ये गर्दी होती, दोघी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. गंगेवर थंड वारं होतं. झिनुकनं आपल्या शालीचं एक टोक आईच्या खांद्यावर टाकलं. कनकलतानं ते काढलं नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

नदीच्या मध्यावर आल्यावर तिनं विचारलं, “मुलगा आवडला होता तुला?”

झिनुक पाण्याकडे बघत होती.

“हो,” ती म्हणाली.

कनकलतानं शालीचं टोक गच्च धरून पुढं ओढलं, तशी मुलगी आपोआप जवळ आली. लाँच पलीकडच्या काठाला लागली. माणसं धक्काबुक्की करत उतरली, नवी माणसं चढू लागली. दोर धरलेला खलाशी म्हणाला, “उतरा मावशी, तुमचा घाट आला.” तरी त्या दोघी क्षणभर तशाच उभ्या होत्या.