मध्यंतरातलं बोलणं

रत्नागिरीत रामआळीच्या तोंडाशी फारुक होडेकरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चौदा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून तो चौऱ्याहत्तर साली घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात ना सोनं होतं, ना परदेशी कापड. जपानच्या कोबे बंदरात घेतलेला एक कॅसेट रेकॉर्डर होता आणि लाकडी पेटीत भाताचा पेंढा घालून आणलेल्या एकसष्ट तबकड्या होत्या. दाभोळला त्याच्या आईने पेटी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "लोकांची पोरा दर्यावरना येऊन घर बांधतात. ह्यान काळ्या थाळ्या आणल्यान!"

त्या थाळ्यांवर जॅझ होतं. अमेरिकेत बाल्टिमोरला जहाज नऊ दिवस अडकलं होतं, तेव्हा एका गोव्याच्या खलाशाने त्याला ओढत एका क्लबात नेलं होतं. तिथे वॉल्टर प्रूइट नावाचा एक जाडा, घामाघूम माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. एकच गाणं त्याने पाऊण तास चालवलं. फारुकचा जन्म इंजिनाच्या ठेक्यात चाललेला. ठेका त्याला नवा नव्हता. पण त्या ठेक्याच्या मागे राहायचं, पुढे पळायचं, सगळे आता पडला म्हणतात तेवढ्यात बरोबर जागेवर येऊन उभं राहायचं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. उरलेल्या आठही दिवशी तो तिथे गेला.

रत्नागिरीत हे कोणाला सांगणार? बायको हफीजा समजूतदार होती, पण तबकडी लागली की ती मुकाट्याने परड्यात जायची. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्राचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. फारुक दुकानाची अर्धी फळी लावून तो ऐकायचा आणि रेकॉर्ड करायचा. लाटांसारखा आवाज खालीवर व्हायचा, मध्येच एखादं अरबी केंद्र घुसायचं. तो एकटाच हसायचा, एकटाच मांडीवर थाप मारायचा.

सत्याहत्तरच्या पावसाळ्यात आत्माराम पोंक्षे आपला बंद पडलेला रेडिओ घेऊन आले. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. रेडिओ टेबलावर ठेवून ते तसेच उभे राहिले.

"हे काय लावलंयस?"

"जॅझ, सर. बंद करू?"

"नको, नको. राहू दे."

त्या दिवशी ते तासभर बसले. मग दर आठवड्याला येऊ लागले, मग जवळजवळ रोज. फारुकने त्यांना ऐकायला शिकवलं. "वरचा सोडा, सर. खालचा तो मोठा तंतुवाद्यवाला हाय ना, त्याच्याबरोबर चाला. मग वरचा आपोआप कळतो." सर पुण्याहून पुस्तकं मागवायचे आणि कोण कोणाच्या हाताखाली शिकलं, कोण कुठे मेलं, हे फारुकला मराठीत सांगायचे. ते त्याला 'अरे फारुक' म्हणायचे, तो त्यांना 'सर' आणि 'तुम्ही'. वयाने तो चार वर्षांनी मोठा होता, पण त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ईदला सर दुकानात येऊन शीरखुर्मा खायचे. घरी कधी आले नाहीत, आणि त्यांच्या घरी फारुक ओटीपर्यंतच गेला होता.

चौऱ्याऐंशी साली, थंडी संपता संपता, सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. मुंबईत, रंगभवनात, जॅझचा मोठा कार्यक्रम होता. तिसऱ्या दिवशीच्या यादीत वॉल्टर प्रूइटचं नाव होतं.

फारुकने ते नाव सरांकडून दोनदा वाचून घेतलं. "जिवंत हाय अजून?"

"आहे की! एकोणसत्तर वर्षांचा. पुन्हा हिंदुस्थानात येणार नाही तो, हे लिहून ठेव."

दोन तिकिटं सरांच्या मामांनी काढून ठेवली. एस.टी.चं आरक्षण झालं. फारुकने रेकॉर्डर उघडून साफ केला. त्यातल्या रबरी चाकाला बारीक खाच पडली होती, त्यामुळे प्रत्येक टेपवर अगदी हलकी 'टक' यायची. तसलं चाक आता मिळत नव्हतं. तीन कोऱ्या कॅसेट त्याने एकदा पुढे, एकदा मागे फिरवून सैल केल्या. हफीजा म्हणाली, "निकाह लागला तेव्हा एवढी तयारी नव्हती केलीत."

निघायच्या आदल्या दिवशी दाभोळहून निरोप आला. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता.

फारुक तसाच सरांकडे गेला, ओटीवर रेकॉर्डर आणि कॅसेट ठेवल्या. "तुम्ही जा, सर. पहिल्या रांगा सोडून, मध्यभागी बसा. तांबडा खटका आणि बाजूचा, दोन्ही एकदम दाबायचे. बॅटऱ्या नव्या घातल्यायत."

"अरे, मी तरी कसा जाऊ तुझ्याशिवाय?"

"दोघांनी कशाला चुकवायचा? तुम्ही ऐकलात आणि टेप आणलीत, म्हणजे मी ऐकल्यासारखाच."

दाभोळला आईच्या खाटेपाशी बसून त्याने तो शनिवार काढला. संध्याकाळी साडेसात झाले तेव्हा तो तिला चमच्याने पेज भरवत होता. आता वाद्यं जुळवत असतील, असं त्याच्या मनात आलं आणि लगेच लाजही वाटली.

आई वाचली नाही. चाळिसावा करून तो रत्नागिरीला परतला, तेव्हा सर दुकानात आले. आईची विचारपूस केली. मग रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"फारुक, काय सांगू तुला. दारावरच्या माणसाने मशीन काढून घेतलं. रेकॉर्डिंगला मनाई म्हणाला. कार्यक्रम संपल्यावर परत दिलं."

"आणि कॅसेट?"

"त्या मामांकडेच राहिल्या गडबडीत. आणून देईन."

फारुकने रेकॉर्डर जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "सांगा तरी. कसा वाजवलान?"

सरांनी सांगितलं. छान सांगितलं, त्यांना शब्द चांगले यायचे. फारुक डोळे मिटून ऐकत राहिला. पुढे कितीतरी महिने तो मध्येच विचारायचा, "त्या संथ गाण्यात शेवटाला काय केलान म्हणालात?" आणि सर पुन्हा सांगायचे. त्याच वर्षाअखेरीस बातमी आली की प्रूइट वारला. दोघांनी त्या संध्याकाळी त्याची तबकडी लावली. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. फारुकने ते पाहिलं होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं त्याला जास्त लागलं.

शहाऐंशीचा श्रावण. सर पेपर तपासायला पुण्याला गेले होते. दुपारी सावित्रीवहिनी, सरांच्या पत्नी, पिशवीत टेपरेकॉर्डर घालून दुकानात आल्या.

"भाऊ, एवढं बघा ना. मुलीला गणपतीतल्या गाण्याची तयारी करायची होती. कोरी समजून ह्यांच्या कपाटातली कॅसेट लावली आणि फीत आतच गुंडाळली गेली. हे यायच्या आत झालं तर बरं. फार चिडतील हो."

"होईल, वहिनी. उद्या या."

त्याने यंत्र उघडलं, चिमट्याने फीत सोडवली, बोटांनी सरळ केली. कॅसेटवर सरांच्या अक्षरात 'बी.ए. द्वितीय वर्ष, व्याख्यान ४' असं लिहिलं होतं. फीत नीट फिरते का, हे पाहायला त्याने ती लावली.

आधी माणसांची कुजबुज आली. आणि तिच्यामागे, अगदी हलकी, टक. मग पुन्हा टक. फारुकचा हात तसाच राहिला. दहा वर्षं तो हा आवाज ऐकत होता. आपल्या घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा तो त्याला कळायचा. हे त्याच्या मशीनवर रेकॉर्ड झालं होतं.

मध्यंतर संपत आलेलं असावं. खुर्च्या सरकत होत्या. जवळच कोणीतरी मुंबईच्या वळणाचं मराठी बोलत होतं. "रत्नागिरीहून? एवढ्या लांबून? आणि तिथे जॅझ ऐकतं कोण?"

मग सरांचं हसणं. "कोणी नाही हो. मी एकटाच. तिथे कोणाला कळणार हे?"

"आणि हे मशीन? जुनं, पण फक्कड आहे."

"हे होय? एका रेडिओवाल्याचं आणलंय. खलाशी होता पूर्वी. तोही लावतो काहीबाही. आवाज आवडतो त्याला, बाकी काही नाही."

पलीकडचा माणूस हसला. त्या हसण्यातच पियानो सुरू झाला होता, फार हळू. सर आणखी काहीतरी बोलले, कोणीतरी 'श्श' केलं, आणि प्रूइटचा सॅक्सोफोन आला.

फारुक उठला नाही. त्याने यंत्र बंद केलं नाही. म्हातारपणी प्रूइटचा दम कमी झाला होता, म्हणून त्याने सूर कमी घेतले होते. जे घेतले ते तोलून, एकेक. शेवटाला तो एका सुरावर थांबला, आणि तो सूर फुटला, तरी त्याने सोडला नाही. सरांनी हे सांगितलं नव्हतं. अडीच वर्षांत इतक्या वेळा विचारूनही नाही. त्या दुपारी फारुकने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं ऐकलं, आणि ते ऐकताना त्याचे कान तापलेले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा त्याने यंत्र दिलं. "कॅसेट माझ्याकडे राहू दे. सर आले की देतो त्यांना."

सर परत आले त्याच संध्याकाळी, अंगावरचे प्रवासाचे कपडेही न बदलता, दुकानात आले. फारुक कोणाचातरी ट्रान्झिस्टर उघडून बसला होता. कॅसेट टेबलावर होती.

"ऐकलीस?" सरांनी विचारलं.

"होय."

सर स्टुलावर बसले. "मी देणार होतो तुला. खरंच देणार होतो. फक्त तेवढं बोलणं पुसायचं होतं आधी. पण ते पुसलं तर गाण्याची सुरुवात जाते, रे. पियानो तिथेच सुरू होतो. माझा हात होईना."

"माझ्याकडे आणायची होतीत. जेवढा जातोय तेवढाच जाऊ दिला असता. बोलणा न ऐकता काढून दिला असता मी."

"न ऐकता कसं काढशील?"

"तुम्ही सांगितला असतात ऐकू नको, तर नसता ऐकला."

 बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सर म्हणाले, "तिथे कोण कोण बसलं होतं तुला माहीत नाही. मोठमोठी माणसं. मी मास्तर माणूस, पहिल्यांदाच त्यांच्यात बसलो होतो. निघून गेलं तोंडातून."

"एकदा निघाला, तो सोडला. पण नंतर अडीच वर्षा तुम्ही माझ्यासमोर बसून सांगत होतात. आईचा चाळिसावा करून आलो, त्याच दिवशी येऊन खोटा सांगितलात."

"माफी मागतोय ना मी!"

"कुठे मागितलीत?"

सरांचा चेहरा लाल झाला. लाज जिरेना, तेव्हा तिचा राग झाला. ते उभे राहिले. "आणि असं काय खोटं बोललो मी? सांग ना. एक पुस्तक वाचलंयस का तू त्यातलं? मी सांगितलं तेवढंच ना तुला माहीत?"

आतापर्यंत फारुकचे हात काम करत होते. ते थांबले. त्याने कॅसेट उचलून त्यांच्यापुढे धरली.

"घेऊन जा. आणि सर, उद्यापासून येऊ नका."

सर ती घेऊन गेले. फारुकने नक्कल करून ठेवली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण त्याने ती केलेली नव्हती. करायला भरपूर वेळ होता. हफीजानेही नंतर विचारलं, का नाही केलीत? "चोरी झाली असती," एवढंच तो म्हणाला. पण पुढे पुष्कळदा त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, आणि हा पश्चात्ताप आपल्याला होतो याचाही राग यायचा.

रत्नागिरी केवढीशी. दोघं बाजारात समोरासमोर यायचे, आणि सर दुसऱ्या बाजूला मासळीचे भाव विचारू लागायचे. ते मासळी खात नव्हते. एकदा वहिनी आल्या, म्हणाल्या, "तुमच्यात काय झालंय ते हे सांगत नाहीत. हल्ली गाणीही लावत नाहीत." फारुकने त्यांना चहा मागवला आणि मुलीची चौकशी केली. शॉर्टवेव्हवरचा कार्यक्रम फारुक अजून ऐकायचा. पण एखादी चांगली जागा आली की मान आपोआप रिकाम्या स्टुलाकडे वळायची. मग त्याने स्टूल उचलून मागे टाकलं. हळूहळू रेकॉर्ड करणंही थांबलं. गावात टी.व्ही. आले होते, काम वाढलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली मुंबईत पुन्हा मोठा कार्यक्रम होता. या वेळी हफीजाच मागे लागली. "जाऊन या. माझी शपथ हाय. नुसते घुम्यासारखे बसता."

तो एकटा गेला. रंगभवनात उघड्या आभाळाखाली, मध्यभागी, चांगली जागा मिळाली. दिवे मंद व्हायच्या आधी त्याला सर दिसले. चार रांगा पुढे, झब्बा घातलेल्या दोघा-तिघांच्या मध्ये. केस पांढरे झाले होते. पहिला वादक चांगला होता, तरुण, दमदार. पण फारुकचं लक्ष त्या पाठमोऱ्या डोक्याकडे होतं. ते डोकं कुठे डोलतं, कुठे शेजारच्याकडे झुकतं, हे तो पाहत राहिला. एका ठिकाणी तालवाल्याने फार सुंदर फसवणूक केली. सगळे श्रोते चुकून टाळी द्यायला गेले. फसले नाहीत ते दोघंच, सर आणि तो. त्या क्षणी सरांनी वळून मागे पाहिलं, जणू तो तिथे असणारच हे त्यांना माहीत होतं. नजरानजर झाली. सरांनी हात थोडासा वर केला.

फारुक मांडीवरची पिशवी सारखी करू लागला.

मध्यंतरात सर उठून रांगेतून वाट काढत त्याच्या दिशेने येऊ लागले, तसा तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. दारावरचा माणूस म्हणाला, "आत्ता कुठे चाललात? खरा माणूस तर पुढे आहे."

"ऐकलाय मी त्याला," फारुक म्हणाला. ऐकलेला नव्हता.

तो धोबीतलावाच्या बाजूला चालू लागला. मध्यंतर संपलं, आणि भिंतीवरून सॅक्सोफोन रस्त्यावर येऊ लागला. हा नवा माणूस खरंच मोठा होता, दोन सुरांतच कळलं. फारुकचे पाय मंदावले नाहीत. सिग्नलपर्यंत तो आवाज येत होता. मग एक डबलडेकर बस आली, आणि तिच्या घरघरीत तो गेला.