शेरीच्या पिपात पाणी

मी एक जुनं पीप आहे मित्रांनो, ओकच्या लाकडाचं, आणि माझ्या पोटात काय काय झालं ना, शी, आठवलं तरी मळमळतं! पण सांगतोच, ऐका.

स्पेनमध्ये हेरेझ नावाचं गाव आहे, तिथला मी. कारागिरांनी फळ्या आगीवर शेकून वाकवल्या, लोखंडी पट्ट्यांनी मला आवळलं आणि आत भरली पांढऱ्या द्राक्षांची वाइन. नुसती नाही हं! तिच्यात द्राक्षांचीच कडक दारू मिसळली, म्हणजे ती नासत नाही. हिला म्हणतात शेरी. वर थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली, आणि तिथे, ईऽऽ, पांढरी जाड साय धरली! बुरसलेल्या लोणच्यावर असते तशी! मला वाटलं, कुजलो. पण तळघरातले म्हातारे वास घेऊन खूश. म्हणे ही साय शेरीला हवा लागू देत नाही, चव हिच्यामुळेच येते. आम्हा पिपांच्या रांगा एकावर एक. बाटल्या भरायच्या त्या सगळ्यात खालच्या, जुन्या पिपातून, थोडंच काढून. मग वरच्यातलं खालच्यात, त्याच्याही वरचं त्यात. कुठलंच पीप पूर्ण रिकामं होत नाही. अशी वर्षं गेली आणि एक दिवस मला काठोकाठ भरून बोटीवर चढवलं.

उतरलो शारजात, १९६५ साली, इंग्रज फौजेतल्या गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये. स्टोअरची एकच चावी, ती अलीमियाँकडे. रत्नागिरीकडचा कुक, पाच वक्त नमाजी. माझ्याजवळून जाताना तो टॉवेल नाकाला लावायचा.

त्याच्याच गावचा वेटर मुश्ताक चिडवायचा, “काय भाय, नवी बेगम आणली का स्टोअरमध्ये?”

“तौबा कर! गटार आहे ते.”

गटार! मला?

मग जूनचा उन्हाळा आला. लाकूडही पितं आणि ऊनही पितं, मित्रांनो. शेरी आपोआप उडत गेली. एका दुपारी धूळ पुसताना अलीमियाँने सहज टकटक केलं, तर वर चांगलं वीतभर पोकळ!

“चावी माझ्याकडे,” तो पुटपुटला. “लोक म्हणतील अलीमियाँ पितो. गावाला कळलं तर शहनाझची सोयरीक मोडेल.”

शहनाझ त्याची लेक. बिचाऱ्याने श्वास रोखून माझं बूच काढलं आणि जगांमागून जग पाणी ओतलं. काठोकाठ!

झालं! दारूचा जोर पातळ झाला आणि त्या गरमीत माझ्या पोटात सगळं आंबलं. बुडबुडे, आंबट वाफा, बुचाभोवती चिलटं. मला माझीच किळस यायला लागली.

मग मेसमध्ये पार्टी ठरली. त्या दिवशी कॅप्टन साहेबाने घोट घेतला आणि पचकन टेबलक्लॉथवर थुंकला.

“चाबी किसके पास? कौन पीता है?” आणि मुश्ताककडे वळून, “इसका मुँह सूँघो!”

वीस माणसांसमोर मुश्ताकने गाववाल्याच्या तोंडाला नाक लावलं. माझ्या पोटात आधीच सिरका, हे बघून मी आणखी आंबलो.

“कांद्याचा वास आहे, साब,” मुश्ताक म्हणाला. “बस.”

अलीमियाँ बोलला, “पानी डाला, साब. कम हो गया था. मैंने पिया नहीं.”

“अरे, वो तो गर्मी में उड़ता है! पूछा क्यों नहीं?”

“किससे पूछता? पूछता तो लोग बोलते, इसको दारू का क्या पड़ा है?”

साहेब हसला. सगळे हसले. “माफ किया. यल्ला, काम पे जाओ.”

अलीमियाँने कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. “सब के सामने मुँह सूँघा. खलास, साब.”

मुश्ताक मागे धावला. “भाय, गावाला मी काही लिहिणार नाही. अल्लाशपथ!”

“नाही, तू लिहीच,” अलीमियाँ म्हणाला. “वास कसला आला, तेही लिही.”

मला मागच्या वाळूत उपडं केलं. वर माश्यांचा थर बसला. पण त्या साहेबांपेक्षा या माश्या बऱ्या, मित्रांनो. भांड्याचा संशय आला तर खुशाल वास घ्या, घासून लख्ख करा. पण माणसाचा संशय आला ना, तर त्याच्याशी आधी बोला. नाक पुढे करू नका.