दुर्गाने हात लावलेल्या वस्तू

बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तेव्हा दर गुरुवारी बायकांचं भजन असे. वर्कशॉप सुटायच्या वेळेला झांजा सुरू झाल्या की सायकलवालेसुद्धा घंटी न वाजवता जात. त्या भजनात वरच्या पट्टीचा आवाज एकट्या दुर्गाचा. तिचा नवरा विश्राम एड्सने गेला आणि तपासणीत तिच्याही रक्तात तोच आजार निघाला, तेव्हा डॉक्टर काय म्हणतात यापेक्षा भजनी मंडळ काय म्हणेल याचीच तिला धास्ती पडली. गुरुवार गेला तर मग राहिलं काय?

मंडळ काही वाईट बोललं नाही. अध्यक्ष शालिनीताईंनी तर डॉक्टरीणबाईंचं भाषण ठेवलं. शिवण्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, असं बाईंनी फळ्यावर चित्रं काढून समजावलं. बायकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. मग दुर्गाने शेव-उसळीच्या बशा फिरवल्या, तर एकजात सगळ्यांचा उपास निघाला.

"गुरुवार ना आज," शालिनीताई म्हणाल्या. "त्या बशा तूच ने हं घरी. सगळ्याच ने."

पुढच्या खेपेला तिने झांजा उचलल्या. "ठेव, ठेव, तुलाच शोभतात!" मग पाण्याचं पिंप. मग भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. तिने किल्ली दिली आणि ते चालू लागून तिच्याच घरी गेलं. न्यायचंही तिनेच, कारण आता त्याला हात कोण लावणार? सगळं कसं गोड बोलून, बडोद्याच्या रीतीने.

दुर्गाला आधी रडू येई, नंतर नंतर हसू यायला लागलं. एका गुरुवारी तिला दिलेलं वेगळं आसन सोडून ती सरळ सतरंजीवर बसली आणि पेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. त्या संध्याकाळी सतरंजी आणि पेटी हातगाडीवरून तिच्या दारात आली. गाडी तिनेच ढकलली.

"हवे? आता काय करायचं?" मंडळात प्रश्न पडला. नुसत्या टाळ्यांवर भजन उभं राहीना. शेवटी ठरलं, भजन दुर्गाकडे.

बायका आल्या, पण बसेनात. पदर आवरून, भिंतीला न टेकता उभ्या राहिल्या. दुर्गा पेटीवर. तिसऱ्या अभंगाला शालिनीताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या धप्पकन सतरंजीवर बसल्या.

"उठवा गं मला!"

कुणी हलेना. त्यांच्या धाकट्या जाऊबाई मंदाकिनी, त्यांनी तर हात पाठीमागे नेले. "जाऊबाई, तुम्ही आता सतरंजीला लागलात ना."

"अगं, बाईंनी सांगितलं ना, शिवण्याने होत नाही म्हणून!"

"ते पटलंय हो आम्हाला. पण हात कशाला लावायचा?" मंदाकिनी दुर्गाकडे वळल्या. "ठेव गं ह्यांना तुझ्याकडेच. तुलाच शोभतात."

शालिनीताईंनी एकेकीकडे पाहिलं. सगळ्या नजरा छताला. दुर्गाने पेटी थांबवून हात पुढे केला. तो त्यांनी घट्ट धरला, पण उठल्या मात्र नाहीत.

"राहू दे. उभ्या राहू देत ह्यांना," त्या म्हणाल्या. "तू वरचा सूर लाव."

दुर्गाचा हात काही त्या सोडेनात. मग भाता त्यांनीच दुसऱ्या हाताने ओढायला घेतला, आणि दुर्गाने सूर लावला.